हंगामी कामगाराला बेकारी भत्ता का नाही?

गाळप संपलं, बॉयलर थंड झाला की साखर कारखान्यातला हंगामी कामगार घरी जातो. त्याच्यासाठी बेकारी भत्त्याचं दार बंद झालं ते १९४८ मध्येच.

पुढे ज्या विम्यातून बेकारी भत्ता आला, त्याच्या त्या वर्षी आलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ‘हंगामी कारखाने’ वगळले. साखर आणि गूळ, कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, भुईमूग फोडणं, चहा, कॉफी, रबर, लाख, नीळ. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जे कारखाने उभे राहिले, त्यांतले कितीतरी याच यादीत बसतात. पुढे १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याची, भरपाई आली, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. तिथेही हंगामी आस्थापना बाहेर, आणि वर्षाची सलग सेवा, म्हणजे २४० दिवस, न भरलेला बदली (दुसऱ्याच्या जागी कामावर घेतलेला) कामगारही बाहेर. ज्याचं काम सगळ्यात आधी जातं त्यालाच वगळायचं, हा अन्याय कायद्याच्या व्याख्येतच बसला आहे.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. १९४८ मध्येच गोदी कामगारांचा कायदा झाला. बोट आली तर काम, नाही तर नाही, अशी गोदीतली स्थिती. मुंबईत गोदी कामगार मंडळाने नोंदणी केलेल्यांना किमान दिवसांच्या मजुरीची हमी दिली. हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरी भत्ता दिला. खंडित काम हे कामगाराचं नव्हे, धंद्याचं वैशिष्ट्य आहे, हे तिथे मान्य झालं होतं. साखर कारखान्यांत हंगामी कामगारांना बिगरहंगामात पगाराचा काही हिस्सा रिटेन्शन अलाउन्स म्हणून मिळू लागला, पण तो मालक-कामगार करारांतून आणि वेतन मंडळांतून. विम्यातून नाही.

विम्यातून भत्ता आला २००५ मध्ये, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून, आणि तोही कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना त्यापेक्षा मोकळी: सरासरी कमाईच्या २५ टक्के, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. मात्र दोन वर्षांतल्या चारही अंशदान कालावधींत (विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहामाहींत) प्रत्येकी ७८ दिवस भरलेले हवे होते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गाळप हंगाम बहुतांशी दुसऱ्यात संपतो. म्हणजे कायद्याने आत घेतलं असतं तरी हंगामी कामगार पहिल्या कालावधीत अडकला असता. २०२० मध्ये कोविडच्या काळात भत्ता ५० टक्के झाला आणि अट सैल झाली: लगतच्या कालावधीत ७८ दिवस, आणि आधीच्या तीनपैकी एकात ७८. ही अट हंगामी कामगाराला नेमकी बसते. पण तो मुळात विम्यातच नाही!

ऊसतोड मजुराचं नाव तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतं. तो मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन येतो. पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, त्याच्यासाठी राज्याने भत्त्याऐवजी काम देऊ केलं: वि. स. पागे यांची, १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात सुरू झालेली रोजगार हमी. १९७७ च्या कायद्यात काम न दिल्यास रोज किमान १ रुपया भत्त्याची तरतूद होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यात १५ दिवसांत काम नाही मिळालं तर पहिले ३० दिवस मजुरीचा किमान चौथा हिस्सा, नंतर निम्मा भत्ता, अशी तरतूद आली. तो राज्याच्या तिजोरीतून द्यायचा असल्याने मागणीची तारीखवार पावती देणंच टाळलं जाई, आणि पावतीशिवाय हक्क सिद्ध होत नसे.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या पहिल्या अनुसूचीत राज्य विम्याच्या प्रकरणापुढे आजही ‘हंगामी कारखाना वगळून’ हीच अट आहे.