पार्श्वभूमी: किडनी बसवणं जवळ आलं, तपासणी लांबच राहिली

प्रत्यारोपण झालेल्या माणसाने जन्मभर तपासणीला का जायचं, याचं उत्तर शस्त्रक्रियेपेक्षा औषधांच्या इतिहासात सापडतं. १९५४ मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, त्यामुळे शरीराने किडनी नाकारण्याचा प्रश्नच आला नाही. भारतात १९७१ मध्ये वेल्लोरला यश आलं, तेव्हा शरीराचा हा नकार दाबायला हाताशी अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड एवढंच होतं. पुढे ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस आलं. किडनी टिकण्याचं प्रमाण वाढलं, पण ही औषधं नाजूक निघाली. रक्तात कमी पडली तर शरीर किडनी नाकारतं आणि जास्त झाली तर औषधच किडनीला मारतं. रुग्ण ज्याला नुसतं 'लेव्हल' म्हणतात, ती रक्तातलं औषध मोजायची तपासणी इथून सुरू झाली.

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून लागू आहे. किडनी विक्रीची प्रकरणं गाजत असताना तो आला, त्यामुळे त्याचा सगळा रोख देणारा कोण, नातं खरं की खोटं, यावर राहिला. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं जवळच्या नात्यात आली. घेणारा घरी गेल्यावर काय, हा तेव्हा कुणाच्या चिंतेचा विषय नव्हता. त्या काळी विदर्भातला रुग्ण जमीन गहाण टाकून मुंबई, हैदराबाद नाहीतर गुजरातेतलं नडियाद गाठायचा. ज्याला ऑपरेशनला एवढ्या लांब जाणं परवडलं, त्याला तपासणीलाही परवडेल असं गृहीत धरलेलं असे.

हे गृहीतक मोडायला हवं होतं ते २०१२ मध्ये. त्या वर्षी राज्याची आरोग्य विमा योजना (तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी, आताची महात्मा फुले) आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात गडचिरोली व अमरावती होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि किडनी प्रत्यारोपणासाठी खास अडीच लाख. आई किडनी देतेय पण पैसा नाही, म्हणून अडलेली कितीतरी घरं यामुळे पुढे सरकली, हे योजनेचं श्रेय नाकारता येणार नाही. पण पॅकेज बांधताना दोन अटी घातल्या गेल्या, त्या मुळातून वाचायला हव्यात.

पहिली अट अशी की सुट्टी मिळाल्यापासून १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा पॅकेजमध्ये धरला जाईल. हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशय अशा ऑपरेशनांचं १० दिवसांत बहुतेक भागतं. प्रत्यारोपणात पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनदा रक्त तपासतात, मग आठवड्याने, पंधरवड्याने, पुढे महिन्याने आणि वर्ष उलटलं की दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे खरी गरज सुरू होते तिथेच पॅकेज संपतं. निवडक उपचारांसाठी १२१ वेगळी पाठपुरावा पॅकेजं होती, हे योजनेचे समर्थक सांगतात आणि ते खरंही आहे. पण तीही योजनेतल्या रुग्णालयातच मिळणार, म्हणजे तिथवर पोचायचा प्रश्न होता तिथेच. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत ही मुदत १५ दिवस आहे. १० की १५ यावर बरीच चर्चा होते, जणू सोळाव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याचा रक्तातला आकडा, वाढत नाही.

दुसरी अट प्रवासाची होती. पॅकेजमध्ये एकदाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं होतं, तेही फक्त रुग्णालयातून घरी जायचं. परत यायचं नाही! शासकीय कागदात रुग्ण गावी पोचला की तो बरा झालेला असतो, एवढाच याचा अर्थ. खर्च आटोक्यात ठेवायचा होता, हे कारण समजू शकतं. पण अडीच लाखांची किडनी दोनशे-चारशे रुपयांच्या तिकिटावाचून जाऊ द्यायची, ही काटकसर कुठल्या हिशेबात बसते?

प्रवास सवलतींचाही असाच घोळ आहे. रेल्वेत कर्करोग आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना उपचारांसाठी तशी नियमित तपासणीसाठीही सवलत मिळते. किडनीच्या रुग्णाच्या नोंदीत मात्र प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया आणि डायलिसिस एवढंच लिहिलेलं आहे. एसटीतही सवलत डायलिसिसच्या नावाने आहे. म्हणजे नवी किडनी चालू लागली, डायलिसिस सुटलं, की सवलतीचं कारणही सुटलं.

२०१६ पासून नागपूरच्या सरकारी रुग्णालयात प्रत्यारोपणं होऊ लागली, पुढे अमरावतीलाही. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. यामुळे मुंबई-हैदराबादचा फेरा टळला. पण 'नागपूर जवळच आहे' हे नागपुरात बसून म्हणायला ठीक. गडचिरोली तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचा त्याच्या दुपटीच्या वर. धारणीहून निघालं तर आधी मेळघाटाचा घाट उतरायचा. त्यात 'लेव्हल'चं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यावं लागतं. रात्री नऊची गोळी असेल तर सकाळी नऊला नागपुरात हजर पाहिजे. गावची मुक्कामी गाडी पहाटे सुटली तरी ती वेळ साधत नाही, म्हणून आदल्या दिवशी निघायचं आणि कुणा सोयऱ्याकडे नाहीतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात पडायचं. गोळी घेऊन आलेल्या माणसाचा आकडा फुगलेला येतो, आणि तो पाहून डोस कमी केला तर भलतंच.

मग 'आता बरं हाय, कायले जाचं' हे वाक्य समजतं. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी लागोपाठ येतात, सोबत येणारा माणूस आपली रोजी बुडवतो आणि विकलेल्या मालाचा चुकारा हाती यायचा असतो. किडनी नाकारली जात असताना सुरुवातीला बहुधा काही दुखत नाही. सूज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे सगळं उघडं पडलं. जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, आणि पाठोपाठ २०२१ च्या हिवाळ्यात एसटीचा संप लागला तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. याच काळात दूरसल्ल्याला, म्हणजे डॉक्टरने फोन-व्हिडिओवरून द्यायच्या सल्ल्याला, अधिकृत नियमावली मिळाली, २५ मार्च २०२० रोजी. गावाजवळच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, नमुना कुरिअरने मोठ्या शहरात जायचा आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरकडे, अशी वाट तेव्हा रुळली. तिच्यावर डॉक्टरांचा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. 'लेव्हल' मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात आणि आकडे जुळत नाहीत, म्हणून तपासणी एकाच लॅबची हवी. पण एकच लॅब म्हणजे नागपूरचीच लॅब, असं त्यातून निघत नाही. तालुक्याला नमुना घेऊन ठरलेल्या एका लॅबकडे पाठवता येतो, आणि टॅक्रोलिमससाठी साधी जांभळ्या झाकणाची नळी चालते.

जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आणि किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीचवरून साडेचार लाख झाली. बातम्या या आकड्याच्याच झाल्या. तालुक्याला रक्त घ्यायची सोय आणि तपासणीला येण्याजाण्याचं भाडं या दोन जुन्या मागण्यांची त्या गाजावाज्यात चर्चा झाली नाही.