हातरुणातनं चालू केलेली मोटर

तासगावकडच्या द्राक्षबागेत कुणाच्याही बांधावर बसा, ही तक्रार ऐकायला मिळतेच: "आमी रातच्या लायटीला बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरली. आता पोरगं हातरुणातनं मोबाईलवर मोटर चालू करतंय. ह्याला काय काम म्हनायचं?"

जॉन प्रोट्झ्को आणि जोनाथन स्कूलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा तक्रारीच तपासायला घेतल्या. २०१९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात गंमत दिसली. जे स्वतः भरपूर वाचतात, त्यांनाच आजची मुलं वाचत नाहीत असं जास्त वाटतं. अधिकार आणि शिस्त फार मानणाऱ्यांना नेमका वडीलधाऱ्यांचा मान घटलेला दिसतो. आज आपण जसे आहोत तसेच लहानपणीही होतो, असं मन धरून चालतं आणि त्या काळातल्या सगळ्याच पोरांना तोच रंग फासतं. वाचनाच्या चाचणीत तुम्हाला कमी गुण पडले, असं काही जणांना खोटंच सांगितलं, तेव्हा त्यांची तक्रारही सौम्य झाली!

धीराचंही तसंच. समोरची मिठाई लगेच न खाता थांबलं तर जास्त मिळेल, हा लहान मुलांवरचा प्रयोग १९६०च्या दशकात स्टॅनफर्डला झाला. पुढे त्यांच्याशी २०००नंतरच्या अमेरिकी मुलांची तुलना केली, तर ही नंतरची मुलं सरासरी दोन मिनिटं जास्त थांबली. मोठ्यांचा अंदाज बहुतेक उलटा होता.

म्हणून बापाचं सगळंच खोटं, असं मात्र नाही. अमेरिकेत बारावीच्या वयाच्या मुलांना १९७६, १९९१ आणि २००६ साली तेच प्रश्न विचारले होते. मोकळ्या वेळाचं मोल पिढीगणिक वाढत गेलं आणि आयुष्यात कामाचं स्थान जरा मागं सरकलं. ही तुलना मला पटते, कारण वय तेच आहे. पंचावन्नचा बाप आणि पंचविशीतलं पोरगं शेजारी उभे केले, तर फरक वयाचा, पिढीचा की ठिबक आणि मोबाईल स्टार्टर आलेल्या काळाचा, ते सुटं करता येत नाही. जन्मसालात वय मिळवलं की चालू साल येतं. तिन्ही एकमेकांत अडकलेले.

बापाची पंचविशी मोजायची तर फवारणीच्या, मजुरीच्या जुन्या वह्या थोड्या उपयोगी पडतील. रातच्या लायटीला पाणी सोडून तो किती वेळा बांधावरच झोपी गेला, हे मात्र कुठल्याच वहीत सापडणार नाही.