व्यावसायिक प्रशिक्षणातील डिजिटल तंत्रज्ञान (गोवा)

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मोटर मेकॅनिक असे व्यवसाय शिकवताना संगणक, मोबाइल, सिम्युलेटर व ऑनलाइन साहित्याचा होणारा वापर. ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) या ट्रेडमध्ये, म्हणजे व्यवसाय-अभ्यासक्रमात, संगणक हाच शिकण्याचा विषय असतो. येथे तो केवळ साधन म्हणून अभिप्रेत आहे. गोव्यात हा वापर प्रामुख्याने पणजी, म्हापसा, डिचोली, फर्मागुढी, होंडा, काणकोण आदी ठिकाणच्या सरकारी आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये) आढळतो. अभ्यासक्रम १९५० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कारागीर प्रशिक्षण योजनेचा असतो.

सर्वांत ठळक फायदा सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, दिसतो. जी-०० ही आज्ञा टूलला (कापणाऱ्या हत्याराला) पूर्ण वेगाने धाववते, तर जी-०१ ठरवलेल्या फीडने, म्हणजे कापण्याच्या संथ गतीने, कापत नेते. नवशिक्याने यांची अदलाबदल केली तर टूल थेट जॉबवर (घडवायच्या धातूच्या तुकड्यावर) आदळते. टूल मोडते, प्रसंगी स्पिंडल (यंत्राचा फिरता दांडा) हाही बिघडतो. हीच चूक आधी संगणकाच्या पडद्यावर झाली तर तिची किंमत शून्य. वेल्डिंग सिम्युलेटरवरही आर्कची (विजेच्या ठिणगीची) लांबी, टॉर्चचा कोन व हात सरकवण्याचा वेग लगेच मोजून मिळतो, शिवाय रॉड वाया जात नाहीत. मात्र तापलेल्या धातूची धग, धूर आणि पत्र्याला चिकटलेला रॉड झटक्यात सोडवण्याची सवय पडद्यावर येत नाही. त्यामुळे सिम्युलेटर ही पूर्वतयारी. त्याच्या भरवशावर वर्कशॉपचे तास कमी करणे चुकीचे.

गोव्यात भाषेचाही प्रश्न आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी भागांतील अनेक मुले प्राथमिक शाळा मराठीतून शिकतात, पाचवीपासून इंग्रजीकडे वळतात आणि आयटीआयत ‘टॉलरन्स’ (मापात चालणारा फरक), ‘क्लिअरन्स’ (दोन भागांमधली मोकळी जागा) यांच्या इंग्रजी व्याख्या पाठ करतात. चेन्नईची ‘निमी’ ही संस्था ट्रेडची पुस्तके मराठीतही काढते. केंद्राचे ‘भारत स्किल्स’ हे व्यासपीठ २०१९ पासून आहे. तरी मुलांचा ओढा यूट्यूबकडे: व्हर्नियरचे (सूक्ष्म माप घेणाऱ्या साधनाचे) वाचन महाराष्ट्रातल्या एखाद्या इन्स्ट्रक्टरने मराठीत समजावलेले असते आणि तो व्हिडिओ हवा तितक्यांदा मागे नेता येतो. त्यात चुकीची पद्धत दाखवणारे, हातमोजे-चष्म्याविना काम करणारेही भरपूर. निवड करून देणारा इन्स्ट्रक्टर म्हणूनच लागतो.

कोविडच्या काळात सत्तरी, सांगे तालुक्यांतील काही गावांत विद्यार्थ्यांना रेंजसाठी डोंगर चढावा लागला. थिअरी कशीबशी पार पडली. फाइलिंग (कानशीने घासणे), वायरिंग, इंजिन खोलणे या गोष्टी अडल्या, कारण लेथ (धातू फिरवून कापण्याचे यंत्र) काही घरी नेता येत नाही.

प्रमाणपत्रे आता डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्यामुळे वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मुलाखतीला जाताना कागदांची फाइल सांभाळावी लागत नाही. लेखी परीक्षा संगणकावर होते. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र परीक्षक उमेदवाराने प्रत्यक्ष बनवलेला जॉबच मापतो.