फिरकी, खांदा आणि चार मिलिग्रॅम

बडोद्यात उत्तरायणाला जो गच्चीवर दिसत नाही तो आजारी आहे असं खुशाल समजावं. दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याच्या गच्चीवर पतंग कोणीही उडवो, फिरकी आत्याच्या हातात असते. त्या वर्षी तिनं फिरकी छातीपर्यंत उचलली आणि परत खाली ठेवली. "हातच वर जात नाही गं," म्हणाली. मग एकेक बाहेर आलं. महिनाभर अंबाडा शेजारची मुलगी घालून देत होती. सकाळी अंथरुणातून उठायला पाऊण तास लागत होता. आम्ही ते सगळं वयावर ढकलून मोकळे झालो होतो.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारे दोन आकडे, दोन्ही चढलेले निघाले. आजाराचं नाव पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. पन्नाशीनंतर होणारा, दोन्ही खांदे आणि कमरेचा भाग सकाळी सकाळी जखडून टाकणारा दाह. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज न्याहारीनंतर १५ मिलिग्रॅम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी आत्यानं अंबाडा आपल्या हातानं घातला. डॉक्टर मात्र तेव्हाच म्हणाले होते, "हवे उतावळ ना करशो, बेन." आता घाई करू नका. गोळी सुरू करणं सोपं, उतरवणं कठीण, हे त्यांना माहीत होतं. आम्हाला पुढे कळलं.

असा चमत्कार पहिल्यांदा दिसला तो सप्टेंबर १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन हे स्टिरॉइड टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउस राइशश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं आणि मोठ्या मात्रेत चालू ठेवलं की चेहरा गोल व्हायचा, साखर चढायची, हाडं ठिसूळ व्हायची, हेही त्या सुरुवातीच्या रुग्णांमध्येच दिसलं. पाऊणशे वर्षं झाली, कसरत तीच आहे.

ती का करावी लागते हे समजायला मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडे जावं लागतं. त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात, पहाटे-सकाळी सर्वांत जास्त, रात्री सर्वांत कमी. किती बनवायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून येतो. बाहेरून गोळी येऊ लागली की पियुषिकेला वाटतं, माल भरपूर आहे, आणि हुकूम थांबतो. दारात रोज टँकर येत असेल तर घरच्या बोअरची मोटर कोण चालवेल? वर्षभरानं टँकर एकदम बंद करून बटण दाबलं तर मोटर जाम झालेली असते. शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं त्याची ताकद साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी. म्हणून पंधरावरून दहापर्यंत उतरताना बहुतेक प्रश्न आजाराचा असतो. पाचाच्या खाली मात्र स्वतःच्या ग्रंथीलाही कामाला लागावं लागतं, आणि ती लगेच लागत नाही.

शिवाय हिशोब फसवा आहे. १५ वरून १४ म्हणजे सात टक्के कपात. ५ वरून ४ म्हणजे वीस टक्के. २ वरून १ म्हणजे थेट निम्मी. कागदावर प्रत्येक वेळी एकच मिलिग्रॅम. आणखी एक फसगत औषधाच्या दुकानात होते: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट आणि ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन यांची ताकद जवळपास सारखी. गोळी बदलली आणि आकडा बदलला म्हणजे मात्रा बदललीच असं नाही.

आत्याचा हिशोब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होता. दुधाच्या नोंदीखाली गोळीचा आकडा, आणि मी आग्रह केल्यावर त्याच्या शेजारी सकाळी अंग मोकळं व्हायला लागलेली मिनिटं. ठरलेलं गणित असं, की दहापर्यंत आल्यावर महिन्याला एक मिलिग्रॅम कमी. जुलैत सातावर असताना तिला इतकं बरं वाटलं, आणि आरशातल्या गोल चेहऱ्याचा इतका राग आला, की कोणाला न विचारता ती थेट पाचावर गेली. श्रावणात कॅलेंडरवरची मिनिटं बोलू लागली: १०, १५, ३०, ५०. तीन आठवड्यांत अंबाडा पुन्हा शेजारच्या मुलीकडे. सीआरपी चढलेला. हा आजाराचा खरा उलटा फेरा. या आजारात निम्म्याच्या जवळपास लोकांना तो कधी ना कधी गाठतो, त्यात कमीपणा काही नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही सांगतात, की अशा वेळी ज्या मात्रेवर बरं होतं तिथे परत जायचं आणि मग सावकाश उतरायचं. आत्या सातावर परत गेली. महिनाभर रुसून होती.

डिसेंबरात पाचावरून चारावर उतरताना पुन्हा अंग दुखू लागलं. मी घाबरले. पण या वेळी चित्र निराळं होतं. दुखणं खांद्यांपुरतं नव्हतं, सगळं अंग मोडून आल्यासारखं. गळून जाणं, अन्नावर वासना नाही, उगाच रडू. मात्रा कमी केल्यावर दोन-तीन दिवसांतच सुरू झालेलं. सकाळची मिनिटं वाढली नव्हती, आणि सीआरपी अगदी व्यवस्थित. ही स्टिरॉइड सुटण्याची कुरकुर. शरीराला जास्तीच्या मात्रेची सवय झालेली असते, त्याला नवीन मात्रा पोटभर वाटत नाही. डॉक्टरांनी आकडा वाढवला नाही, उतरण्याची चाल मंद केली: एक दिवस पाच, एक दिवस चार. दहा-बारा दिवसांत आत्या खंडेराव मार्केटमधून पापडी घेऊन आली, उंधियूसाठी. त्यावरून मी ओळखलं.

दुखणं कोणतं हे तपासणीआधी बरंचसं वेळेवरून कळतं, असं माझं मत झालं आहे. कुरकुर मात्रा उतरल्यावर लगेच येते आणि हळूहळू ओसरते. आजार बहुधा दबकत येतो आणि आठवड्यागणिक वाढत जातो, जिथे पहिल्यांदा दुखलं होतं तिथेच. पण नोंद नसेल तर हे कळणार कसं? डॉक्टरांसमोर बसल्यावर "मध्यंतरी जरा दुखत होतं" एवढंच आठवतं.

तिसरं दुखणं वासी उत्तरायणाचं, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवसाचं. चार मिलिग्रॅमवर असलेल्या आत्यानं आदल्या दिवशी सात तास फिरकी धरली होती. सकाळी उजवा खांदा उचलेना. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. पण डावा खांदा ठणठणीत, कंबर मोकळी, आणि शेकल्यावर दोन दिवसांत आराम. त्यातच जुना गुडघाही बोलू लागला. स्टिरॉइड दाह दाबतं तेव्हा शेजारपाजारची सगळीच दुखणी दाबतं. मात्रा उतरली की वर्षभर गप्प असलेला गुडघा पुन्हा आपलं गाऱ्हाणं मांडतो. त्यावर गोळी वाढवणं म्हणजे मुंगीला तोफ.

चौथी गोष्ट मात्र वाट बघण्याची नाही. सतत उलट्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब कोसळणं, गुंगी: जाम झालेली मोटर चालू न झाल्याची ही खूण असू शकते, आणि तिथे तातडीनं हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन लागतं. म्हणूनच गोळी एकदम बंद करायची नाही, आणि मोठा ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर मात्रा किती वाढवायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. या आजाराचं एक सख्खं भावंडही आहे, धमन्यांचा दाह. नवीन डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं, दिसण्यात अचानक फरक यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना, कारण दृष्टी कायमची जाऊ शकते.

साखरेचं एक सांगते. सकाळी घेतलेली गोळी साखर चढवते ती दुपारनंतर. आत्याची उपाशीपोटीची साखर नेहमी छान यायची आणि ती त्या जोरावर सेव-उसळ खायची. जेवणानंतरची तपासली तेव्हा उसळ बंद झाली, सेव अजून चोरून चालते.

आता ती तीनावर आहे. पुढल्या महिन्यात सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉल तपासायचं आहे. आदल्या दिवसाची गोळी किती वाजता घ्यायची आणि त्या सकाळची कधी, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली म्हणायचं, ५ च्या खाली आलं तर काही महिने थांबून पुन्हा. पर्समध्ये ठेवायचं कार्ड मी मराठीत सुरेख अक्षरात लिहून नेलं होतं: "मी दीर्घकाळ स्टिरॉइड घेते, बेशुद्ध आढळल्यास डॉक्टरांना दाखवा." आत्यानं ते वाचलं, परत दिलं, आणि म्हणाली, "गुजरातीत लिही. रस्त्यात पडले तर उचलणार कोण, रिक्षावालाच ना?"