शेवटच्या काही किलोमीटरमधला घात

गेल्या नोव्हेंबरात कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात किरणोत्सव बघायला थांबलो होतो. मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात, तो हा सोहळा. किरणं महाद्वारातून आत आली, गरुड मंडप, कासव चौक करत पितळी उंबरा ओलांडून गेली आणि अंबाबाईच्या पायांशीच विरली, वर चढली नाहीत. ‘आर्द्रता लई हाय आज,’ शेजारचे काका म्हणाले. आर्द्रता, धूलिकण, लक्स (उजेडाचं माप) हे शब्द कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही चालतात, ते या किरणांमुळेच. सूर्यापासूनचा पंधरा कोटी किलोमीटरचा प्रवास प्रकाशानं सव्वाआठ मिनिटांत सुखरूप केला होता. घात झाला तो अगदी शेवटी, पश्चिमेच्या दमट हवेत.

विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाच्या वाट्यालाही हेच येतं. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवलं, पारदर्शक झालं आणि तोवर अडकून पडलेला प्रकाश मोकळा सुटला. तो १,३८० कोटी वर्षं चालतोच आहे. वाटेत विश्व प्रसरण पावलं, तशा त्याच्या लहरीही जवळपास अकराशे पट ताणल्या गेल्या. आज तो डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्हच्या) रूपात सगळ्या आकाशातून येतो. तापमान २.७२५ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली साधारण २७० अंश सेल्सिअस.

पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९६४-६५ मध्ये तो अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सापडला, तोही जमिनीवरच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात, न थांबणाऱ्या खरखरीच्या रूपात. ती खरखर कबुतरांच्या विष्ठेमुळे असेल म्हणून त्यांनी अँटेना धुऊनही काढला होता! मग आज दुर्बिणी डोंगरावर कशाला न्यायच्या? ते दोघं सुमारे ७ सेंटिमीटरच्या लहरी ऐकत होते, आणि बाष्प त्यांना फारसं अडवत नाही. पण हा प्रकाश सर्वांत तेजस्वी आहे तो एक-दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथं बाष्प आडवं येतं. नुसतं आडवं येऊन थांबत नाही, ते स्वतःही त्याच लहरी सोडतं. किरणोत्सवात हवा फक्त प्रकाश खाते. इथं ती खाते आणि वर स्वतःचा उजेडही मिसळते.

म्हणून कोरडी जागा शोधायची. डोक्यावरच्या हवेतलं सगळं बाष्प पिळून जमिनीवर ओतलं तर किती उंच पाणी साठेल, हे त्याचं माप. आषाढात आपल्याकडे ते काही सेंटिमीटर भरतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटरच्या वर, ते अनेकदा मिलिमीटरभरच असतं आणि दक्षिण ध्रुवावरच्या हिवाळ्यात त्याहूनही कमी. दोन्हीकडे या कामाच्या मोठ्या दुर्बिणी उभारल्या गेल्या. ध्रुवावरचीचा आरसा १० मीटरचा आहे. एवढा आरसा अवकाशात पाठवणं परवडत नाही, आणि आरसा मोठा तसे बारकावे जास्त. हाच प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाचा आरसा जेमतेम दीड मीटरचा होता.

तरी उरलेलं बाष्प छळतंच. शोधायचे आहेत ते या प्रकाशाच्या तापमानातले, जागोजागचे लाखात एक भागाएवढे फरक. त्यासाठी हा प्रकाश टिपणारी उपकरणं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचांकी तापमानाच्या, वर फक्त एक दशांश अंशापर्यंत थंड करतात. युक्ती मात्र गमतीची आहे. दुर्बीण मान वर-खाली न करता डावी-उजवीकडे झुलत राहते. मान तेवढीच, म्हणून समोरच्या हवेची जाडीही तेवढीच. बाष्पाचे पुंजके वाऱ्याबरोबर सरकतात, आकाशातली त्या फरकांची नक्षी मात्र ताऱ्यांबरोबरच फिरते. तोच तुकडा महिनोन्महिने पाहिला की वाऱ्याचं ते वाऱ्यावर जातं आणि नक्षी उरते.

धूलिकणांचा हिशेब मात्र दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाला २०१४ मध्ये महागात पडला. विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींची (अवकाशालाच ताणणाऱ्या-दाबणाऱ्या तरंगांची) खूण या प्रकाशात दिसल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यांची दुर्बीण एकाच वारंवारतेवर पाहत होती. पुढच्याच वर्षी प्लँकची मापनं सोबत घेऊन पाहिल्यावर कळलं, की त्या खुणेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा मोठा होता. धूळ वरच्या वारंवारतांना अधिक चमकते, हा प्रकाश तसा वाढत नाही. एकाच वारंवारतेवरून दोघांना वेगळं काढता येत नाही. अटाकामातली नवी सायमन्स वेधशाळा म्हणूनच २७ ते २८० गिगाहर्ट्झदरम्यान सहा पट्ट्यांत आकाश बघते.