ब्रेक पॅड बदल : रोजच्या वापरातील वेगवान मोटारींचा

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या घर्षणपट्ट्यांना ब्रेक पॅड म्हणतात. पोलादी पाठ, तिच्यावर पक्का बसवलेला सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा घर्षण-मसाला, पाठीमागे आवाज दाबणारी पातळ शिम आणि बऱ्याच गाड्यांत झीज कळवणारी पत्र्याची जीभ किंवा वायर, एवढाच हा भाग. जास्त ताकदीच्या मोटारींचे मालक कारखान्यातून आलेले पॅड काढून वेगळ्या मसाल्याचे पॅड बसवतात. त्यामागे एकमेकांच्या अगदी उलट असे दोन हेतू असतात. कोणाला गाडीचे ब्रेक शर्यतीच्या ट्रॅकवर टिकायला हवे असतात, तर कोणाला रोज कामावर जाताना चाकांवर साचणारी काळी पूड आणि सिग्नलपाशी होणारी किंचाळी नको असते. हौशी मंडळींत पहिल्याला मान आणि दुसऱ्याची थट्टा, असा प्रकार दिसतो. रस्त्याचा विचार केला तर न्याय उलटा लागतो.

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे तिच्या गतीची उष्णता करतो. १,५०० किग्रॅ. वजनाची मोटार ताशी १०० किमी. वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने घागरीतले पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. जोरात ब्रेक दाबला तर ही सगळी उष्णता तीन-चार सेकंदांत चार तबकड्यांत, आणि वजन पुढे झुकत असल्याने मुख्यतः पुढच्या दोन तबकड्यांत शिरते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ट्रॅकवर हे दर मिनिटाला अनेकदा घडते, शहरात मात्र तबकडी क्वचितच दोनशे अंश सेल्सियसच्या वर जाते.

म्हणून पॅडची निवड जोरावर नाही, तापमानावर ठरते. रस्त्यासाठीचा पॅड गार असतानाच पकड घेतो. मात्र ढोबळमानाने साडेतीनशे-चारशे अंशांपलीकडे त्याच्यातील राळ जळून वायू सुटू लागतो, घर्षण घटते आणि पेडल घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. याला ब्रेक फेड म्हणतात. ट्रॅकचा पॅड सहाशे-सातशे अंश सोसतो, पण शंभराच्या खाली तो अर्धवट झोपेतच असतो. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना समोर मूल आले, तर त्या क्षणी तबकडीचे तापमान हवेइतके, म्हणजे वीस-पंचवीस अंश असते. त्या एका ब्रेकसाठी साधा रस्त्याचा पॅड महागड्या शर्यतीच्या पॅडपेक्षा चांगला. ‘ट्रॅकचा पॅड म्हणजे जास्त चांगला पॅड’ ही समजूत इथेच मोडते.

आणखी एक समज तपासून पाहण्यासारखा आहे. जास्त पकडीचा पॅड लावला की गाडी कमी अंतरात थांबते, असे मानले जाते. परंतु गाडी शेवटी थांबते ती टायर आणि डांबर यांच्यातील पकडीमुळे. मूळ पॅडवर जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, धडधडू लागत असेल, तर टायर आपल्या मर्यादेला पोहोचलेले असतात, आणि नवा पॅड त्यात भर घालू शकत नाही. पायाला कमी जोर लावावा लागतो, एवढाच फरक. थांबण्याचे अंतर खरोखर कमी करायचे असेल, तर तो खर्च आधी टायरवर करावा.

घडण आणि इतिहास : सध्याचे पॅड साधारणपणे तीन घराण्यांचे. सेंद्रिय पॅड मऊ, शांत आणि तबकडीशी सौम्य असतात. सिरॅमिक पॅड कमी आणि फिकट पूड टाकतात, म्हणून रोजच्या गाडीवर ते लोकप्रिय आहेत. अर्धधातू पॅडमध्ये पोलादाचे तंतू व चुरा भरपूर असतो. ते उष्णता चांगली सोसतात, पण आवाज करतात आणि तबकडी खातात. युरोपीय बनावटीच्या वेगवान गाड्यांत कारखान्यातूनच थोड्या धातूचे, कडक चावणारे पॅड येतात, आणि त्या गाड्यांची पुढची चाके आठवड्यात काळवंडतात. मसाल्यात राळ, तंतू, ग्रॅफाइट, रबराची पूड असे दहा-वीस घटक असतात. त्यांतला एक कोकण-गोव्याच्या माणसाला ओळखीचा वाटेल : काजूच्या टरफलातील तेल. काजूबिया फोडताना हातावर उडाले तर कातडी सोलवटून काढणारा हाच चीक. त्यावर प्रक्रिया करून त्याची कठीण पूड बनवतात, आणि ती मसाल्यात मिसळल्याने घर्षण एकसारखे राहते व आवाज दबतो.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासत असल्याने तो भयंकर कर्कश वाजे, म्हणजे ब्रेक किंचाळण्याची तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये घर्षण-अस्तरांचा उद्योग सुरू केला होता. त्यांच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यात एक ‘ई’ घालून झालेले ‘फेरोडो’ हे नाव आजही पॅडच्या खोक्यांवर दिसते. पुढे अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस आले आणि अनेक दशके टिकले. त्याच्या तंतूंनी फुप्फुसांचे कर्करोग होतात हे सिद्ध झाल्यावर देशोदेशी ते हद्दपार झाले. ब्रिटनने त्यावर १९९९ मध्ये बंदी घातली. डिस्क ब्रेकची ताकद जगाला दिसली ती १९५३ च्या फ्रान्समधील ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइप गाडीने ती जिंकली. जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असलेले चालक आधीच ब्रेक दाबत, जॅग्वारचे चालक वळणाच्या बरेच जवळ जाऊन.

निवड : अमेरिकी पद्धतीच्या पॅडवर दोन अक्षरांची खूण छापलेली असते. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणाचे, दुसरे तापल्यानंतरच्या घर्षणाचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरे सारखी असली तर पॅड गार-गरम सारखाच वागतो. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर घाटात सावध राहावे. युरोपात बदली पॅडना नियम ९० लागू आहे. त्यानुसार त्यांची कामगिरी मूळ पॅडपासून पंधरा टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. अशी मान्यता नसलेले शर्यतीचे पॅड लावून जर्मनीसारख्या देशात गाडी रस्त्यावर आणली, तर तिची रस्त्यावर चालण्याची मान्यताच धोक्यात येते. पॅड नेहमी एका आसावरच्या दोन्ही चाकांना जोडीने बदलतात. मागे जास्त पकडीचे आणि पुढे साधे अशी जोडी मात्र करू नये. जोरात ब्रेक लागताच मागची चाके आधी जाम होऊ पाहतात आणि गाडी फिरण्याचा धोका वाढतो.

बसवणी : काम अवघड नाही, पण आळसाला माफी नाही. गाडी सपाट जागी घेऊन, चाकांना अडसर लावून, जॅकवर नव्हे तर घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, टेकवतात. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारी चिमटी, सोडवला की तो होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधतात. नवा पॅड जाड असल्याने त्याला दाबणारा पिस्टन आत ढकलावा लागतो. त्या वेळी ब्रेक ऑइल मागे सरकते, बाटली आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ते वरून सांडते आणि रंग खाते. मागच्या चाकांचे पिस्टन बऱ्याच गाड्यांत दाबून जात नाहीत, फिरवत आत घालावे लागतात. विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर आधी संगणकाने त्याला दुरुस्तीच्या स्थितीत न्यावे लागते, नाहीतर मोटर आणि स्क्रू यांची झटापट होऊन कॅलिपर कायमचा जाऊ शकतो.

जुने पॅड फेकण्याआधी जोडीने शेजारी ठेवून पाहावेत. आतला पॅड झिजून पत्र्याला आलेला आणि बाहेरचा अर्धा शाबूत असेल, तर दोष पॅडचा नाही, कॅलिपरची सरकती पिन अडकली आहे. ती साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावले नाही, तर नव्या पॅडचेही तेच होणार. पाचरीसारखे तिरपे झिजलेले पॅडही बहुधा अशाच अडकलेल्या कॅलिपरची साक्ष देतात. गॅरेजमध्ये ही दोन मिनिटे वाचवली जातात, आणि गिऱ्हाईक ‘कंपनीचे पॅड टिकत नाहीत’ म्हणत परत येते. सगळे बसले, बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळले, की गाडी सुरू करण्याआधी पेडल अनेकदा पंप करावे. पिस्टन मागे ढकललेले असल्याने पहिला पाय थेट तळाला जातो. हे विसरून भिंत गाठलेल्या गाड्या कमी नाहीत.

बेडिंग : नवा पॅड पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीचा नसतो. मसाल्याचा पातळ थर तबकडीवर सारखा चढावा लागतो, मग पॅड स्वतःच्याच थरावर घासू लागतो. त्यासाठी रिकाम्या रस्त्यावर ताशी ८० किमी.च्या आसपास वेगावरून वीसच्या आसपास, असे आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावतात, मध्ये पूर्ण थांबत नाहीत, आणि शेवटी ब्रेक न वापरता गाडी दहा मिनिटे गार होऊ देतात. नेमकी कृती पॅडच्या खोक्यावर असते, तीच पाळावी. तापलेल्या पॅडने तबकडी चिमटीत धरून सिग्नलला उभे राहिले, तर त्या जागी मसाल्याचा ठसा उमटतो आणि पुढे दर ब्रेकला स्टिअरिंग थरथरते. मेकॅनिक याला ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतो. ती बहुधा वाकलेली नसते, मसाला तिच्यावर असमान बसलेला असतो. वेगळ्या घराण्याचे पॅड जुन्या तबकडीवर लावताना आधीचा थर खरवडून काढावा लागतो, तो याच कारणाने.

घाट आणि पावसाळा : सह्याद्रीतले घाट ट्रॅकपेक्षा वेगळ्या प्रकारे ब्रेकची परीक्षा घेतात. खंडाळा, आंबोली किंवा कशेडी उतरताना वेग कमी असतो, पण पाय पेडलवर सतत राहतो आणि तबकडीला गार व्हायला सवड मिळत नाही. इथे बऱ्याचदा पॅडच्या आधी ब्रेक ऑइल हार मानते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांना उकळते, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजी होते. दर दोन वर्षांनी तेल बदलणे आणि उतारावर खालचा गिअर लावणे हे नव्या मसाल्यापेक्षा स्वस्त व खात्रीचे उपाय आहेत. न्यूट्रल टाकून घाट उतरवण्याला मात्र काटकसर म्हणू नये. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या तबकडीवर तांबूस गंज धरतो आणि सकाळचे दोन-तीन ब्रेक करकरतात. हा पॅडचा दोष नव्हे, थोडे चालवले की गंज निघून जातो.

पूड : चाकांवरची काळी पूड फक्त धुण्याचा विषय राहिलेली नाही. पॅडमधले तांबे पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत जाते आणि सामनसारख्या माशांना बाधते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला. पॅडमधील तांब्याचे वजन २०२१ पासून पाच टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवणे त्याने बंधनकारक केले. जगभरचे उत्पादक आता मुख्यतः तांबेविरहित मसाले करतात. युरोपीय संघाच्या २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमांनी ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा घातली. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींनी किलोमीटरमागे सात मिलिग्रॅमपेक्षा जास्त सूक्ष्म कण सोडू नयेत, तर फक्त विजेवर चालणाऱ्यांनी तीन. विजेच्या गाड्या बराचसा वेग मोटरनेच कमी करतात. त्यांचे पॅड झिजण्याऐवजी न वापरल्याने गंजून पिनांत अडकतात, आणि गॅरेजमध्ये त्यांच्यावर होणारे काम पुन्हा तेच असते : पिना साफ करा, ग्रीस लावा.