बुजवलेली खिडकी म्हणजे खिडकी-कर? नेहमीच नाही

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातल्या जुन्या दगडी घरात बुजवलेली खिडकी दिसली की ‘खिडकी-कर चुकवायला बुजवली’ असं हमखास सांगितलं जातं. घराच्या खिडक्या मोजून आकारला जाणारा हा कर खरा होता, १६९६ ते १८५१. त्यापायी काहींनी खिडक्या बुजवल्याही. पण सुरुवातीला दहापेक्षा कमी खिडक्यांच्या घराला वर्षाला सरसकट २ शिलिंगच पडत. सहातली एक बुजवून काहीच वाचत नव्हतं. (१७६६मध्ये मर्यादा सातवर आली.)

अठराव्या शतकात दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसणं फार महत्त्वाचं मानत. आत चुलाणा किंवा जिना आला, की तिथे बांधतानाच आंधळी खिडकी, म्हणजे बाहेरून खिडकीचा आकार पण आत भिंतच, ठेवत.

ओळखायचं कसं? चौकटीच्या दगडाची आतली कड निरखून पाहा. काच कधी बसली असेल, तर ती बसवायची अरुंद खाच आणि लोखंडी गजांची भोकं बहुधा सापडतात, निदान चुन्याने भरलेली तरी. कड कोरी असेल, तर ती बहुधा मुळातलीच आंधळी. मग छपराकडे बघा: बरोबर वर धुराडं असेल, तर भरावामागून धुराची नळी जात असण्याची दाट शक्यता. न तपासता तो फोडला, तर नळीलाच भगदाड पडतं. शिवाय संरक्षित यादीतल्या घराला आधी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते.